टेप आपोआप मागे जाते तेव्हा

कॅसेटवर आवडीचं गाणं होतं आणि घरातल्या कुणीतरी त्यावरच क्रिकेटची कॉमेंट्री टेप केली, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. २००३ साली मी नेमकं तेच केलं. फक्त माझी टेप संगणकाची होती, आणि तिच्यावर एका दिवाळी अंकाची पानं होती.

मी तेव्हा पुण्यातल्या एका छापखान्यात संगणक सांभाळायचो. सर्व्हर लिनक्सवर चालायचा. दर शनिवारी त्यातल्या फाइलींची प्रत टेपवर काढून कपाटात ठेवायची, हे माझं काम. डीडीएस-४ जातीची टेप. कॅसेट जेमतेम व्हिजिटिंग कार्डाएवढी, पण तीत २० जीबी मावायचे.

माउस वगैरे नाही, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. आज्ञेचं नाव 'टार', म्हणजे टेप अर्काइव्ह. १९७९ च्या युनिक्सपासून ती चालत आली आहे. तिच्यापुढे 'सी' लिहिलं की फाइलींचं नवं गाठोडं बांधायचं, 'टी' म्हणजे आत काय आहे त्याची यादी, आणि 'एक्स' म्हणजे गाठोडं सोडायचं. मग टेपचं नाव, आणि शेवटी कोणत्या फाइली हव्यात ते.

गोम त्या टेपच्या नावात आहे. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात. 'एसटी-झीरो' म्हटलं, तर काम संपताच टेप आपोआप गुंडाळून सुरुवातीला येते. 'एनएसटी-झीरो' म्हटलं, तर जिथं थांबली तिथंच राहते. हा 'एन' म्हणजे 'नो रिवाइंड'.

मी आधी अंकाची पानं घेतली, साधारण सहा जीबी. अर्धा तास टेप फिरत होती. मग मालकांच्या हिशेबाच्या फाइली, फार तर पन्नास एमबी. दोन्ही वेळा 'एसटी-झीरो'. पडद्यावर चुकीची सूचना आली नाही. येणार कशी? सांगितलं तेच संगणकानं केलं होतं.

मंगळवारी सर्व्हरची हार्ड डिस्क गेली. मी ऐटीत टेप घातली, 'टी' दिलं. यादीत नुसते हिशेब. आधीच्या शनिवारच्या टेपांवरही तेच! मला वाटलं, पन्नास एमबीखाली थोडी पानं गेली असतील, बाकीची मिळतील. पण लिहिणं संपलं की ड्राइव्ह तिथं शेवटाची खूण करतो आणि वाचताना त्या खुणेपुढे जात नाही. बहुतेक पानं फितीवर तशीच होती, आणि मला ती वाचता येत नव्हती.

कंपोझिंगच्या ताईंनी आणि दोन मुलांनी कागदी प्रुफांवरून अंक पुन्हा टाइप केला. सहा रात्री. मी चहा आणत होतो. मालक एक शब्दही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग मी 'एमटी' ही आज्ञा शिकलो. तिला 'रिवाइंड' सांगितलं की टेप मागे येते. 'एनएसटी-झीरो'वर 'एफएसएफ १' सांगितलं की एक गाठोडं ओलांडून दुसऱ्याच्या तोंडाशी थांबते. प्रत काढली की दोन्ही गाठोड्यांची यादी बघायची, आणि एखादं पान वेगळ्या फोल्डरात सोडून उघडून पाहायचं, असा नेम केला. यादी बघायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढाही कंटाळा मी तोवर केला होता.

टेप जुनाट झाली असं कुणी म्हणतं, तेव्हा मी २०११ ची गोष्ट सांगतो. त्या फेब्रुवारीत सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खात्यांमधली पत्रं दिसेनाशी झाली. डिस्कवरच्या अनेक प्रतींनाही तो दोष भोवला. गूगलनं पत्रं परत आणली ती टेपवरून. यंत्रातून काढून ठेवलेल्या टेपपर्यंत दोष पोचत नाही, व्हायरसही नाही. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ जातीच्या एका टेपमध्ये तर १८ टीबी मावतात.

त्या शनिवारची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. वर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'दिवाळी अंक, संपूर्ण'.