वाकणाऱ्या पलंगाची गादी

घरी रुग्णासाठी फाउलर बेड येतो, डोक्याकडचा आणि गुडघ्यांखालचा भाग उचलता येतो, आणि त्यावर जुनीच गादी टाकली जाते. इथेच गडबड होते. कापसाची गादी वाकते खरी, पण कापूस सरकून गोळे होतात. काथ्याची ताठ गादी घडीवर उभी राहते, तिच्याखाली पोकळी पडते आणि कालांतराने ती तिथेच मोडते. एकमेकींना तारेने जखडलेल्या स्प्रिंगांचेही तसेच. फोम, लॅटेक्स किंवा सुट्या पिशव्यांतल्या पॉकेट स्प्रिंगा पलंगाबरोबर वळतात. रुग्णाच्या पलंगाला चार-पाच इंच जाडी पुरते. त्याहून जाड गादीवर बाजूचे कठडे बुटके ठरतात आणि माणूस पडू शकतो. दुकानात गादी वाकवून पाहा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

चादरीचाही विचार हवा. जयपूरजवळच्या बगरूची ठसेछपाईची सुती चादर अंगाला सुखद; हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर लोखंड-गुळाच्या द्रावाचा काळा आणि तुरटीच्या साहाय्याने चढवलेला लाल रंग. पण सपाट चादर डोके उचलताच निसटते, सुरकुत्या पाठीला टोचतात. शिंप्याकडून चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक लावून घ्या. पहिली धुलाई मात्र वेगळी, गार पाण्यात.