उज्जैनची मध्यरात्र आणि मेनफ्रेमच्या भाषा

मेनफ्रेम म्हणजे स्वतंत्र वातानुकूलित खोलीत बसवलेला आणि सबंध संस्थेने आळीपाळीने वापरायचा अवाढव्य संगणक. अशा यंत्रांचा आणि त्यांच्या धाकट्या भावंडांचा काळ भारतात १९६०च्या दशकात रुजू लागला. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० आला, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० बसला, आणि गणिती व अभियंत्यांची एक पिढी छिद्रित कार्डांच्या गठ्ठ्यांवर फोरट्रान शिकली. ती यंत्रे केव्हाच मोडीत निघाली. परंतु ज्या भाषांतून त्यांना आज्ञा दिल्या जात, त्या फोरट्रान, लिस्प, कोबोल, अल्गोल, एपीएल या भाषा आज घरातल्या लॅपटॉपवर विनामूल्य चालवता येतात आणि जगभरचे हौशी लोक त्या चालवतातही. या खटाटोपाकडे बहुधा गतकाळाचे आकर्षण म्हणून पाहिले जाते. पंचांगगणिताच्या क्षेत्रात मात्र त्याला निराळे मोल आहे. जुन्या ग्रंथातला नियम तसा का रचला गेला, हे जुन्या भाषेत आणि जुन्या यंत्राच्या मर्यादेत तो चालवून पाहिला की ज्या स्पष्टतेने कळते, त्या स्पष्टतेने केवळ ग्रंथ वाचून कळत नाही. आणि या कामाच्या केंद्रस्थानी उज्जैन आहे.

भारतीय ज्योतिर्गणितात लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी जी मध्यरेषा मानली जाते, ती उज्जैनवरून जाते. सूर्यसिद्धांत या प्राचीन ज्योतिषग्रंथातील दिवसगणना या रेषेवरील मध्यरात्रीपासून सुरू होते, आणि अन्य गावाचे गणित करताना त्या गावाचे या रेषेपासूनचे पूर्व-पश्चिम अंतर लक्षात घेऊन जो फरक करावा लागतो त्याला देशांतर संस्कार म्हणतात. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे वेधशाळा उभारली. शिंदे संस्थानाच्या काळात, १९२३ साली, माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्गणिती तिचे अधीक्षक झाले. आपट्यांचे ‘सर्वानंदकरण’ हा पंचांगगणिताच्या परंपरेतील एक अलीकडचा ग्रंथ होय. पुढे १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने जी पंचांग सुधारणा समिती नेमली, तिच्या सदस्यांत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी, पुण्याचे ज. स. करंदीकर आणि उज्जैनच्या माधव महाविद्यालयाचे प्रा. आर. व्ही. वैद्य होते. या समितीने राष्ट्रीय पंचांगासाठी जे मध्यवर्ती स्थान ठरवले, त्याचा रेखांश भारतीय प्रमाणवेळेचा, म्हणजे ८२ अंश ३० कला, आहे. अक्षांश मात्र २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जैनचा, ठेवला आहे. देशाची घड्याळे पूर्वेकडच्या रेषेवर गेली तरी उज्जैनचा मान असा अर्धा शिल्लक राहिला.

उज्जैनला दुसरे आणि अधिक अनपेक्षित स्थान मिळाले ते लिस्प या भाषेत. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत या भाषेची आखणी केली आणि ती प्रथम आयबीएम ७०४ या मेनफ्रेमवर चालली. तिच्यात आज्ञा आणि माहिती या दोहोंची मांडणी एकाच प्रकारच्या कंसबद्ध याद्यांनी होते, आणि यादीचा पहिला घटक व उरलेली यादी वेगळी काढणाऱ्या तिच्या दोन मूलभूत क्रियांची ‘कार’ व ‘कडर’ ही नावे त्याच ७०४च्या रजिस्टरच्या भागांवरून पडली असून ती आजतागायत टिकली आहेत. नाखुम डर्शोविट्झ आणि एडवर्ड रेनगोल्ड या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९९० साली जगातील कालगणनांचे नियम लिस्पमध्ये मांडणारा एक लेख प्रसिद्ध केला. १९९३च्या दुसऱ्या लेखात, स्टुअर्ट क्लेमन यांच्यासह, त्यांनी प्राचीन हिंदू कालगणना घेतली. आणि १९९७ साली निघालेल्या ‘कॅलेंड्रिकल कॅल्क्युलेशन्स’ या ग्रंथात सूर्यसिद्धांतावर आधारलेली सौर व चांद्र पंचांगे संपूर्ण आली. या ग्रंथाची चौथी आवृत्ती २०१८ची आहे.

या ग्रंथातील लिस्प मजकुरात ‘उज्जैन’ नावाचा एक स्थिरांक आहे आणि हिंदू पंचांगाचे स्थान म्हणून तोच योजलेला आहे. त्याचा अक्षांश २३ अंश ९ कला, रेखांश ७५ अंश ४६ कला ६ विकला, समुद्रसपाटीपासूनची उंची शून्य, आणि ग्रीनिचपासूनचा कालभेद ५ तास अधिक एका तासाचे ९००० भाग केल्यास त्यातले ४६१ असा नोंदवला आहे. हा शेवटचा आकडा दशांश चिन्हाऐवजी व्यवहारी अपूर्णांकाने लिहिला जातो, यातच या भाषेचे मर्म आहे. त्याचा अर्थ ५ तास ३ मिनिटे ४.४ सेकंद, म्हणजे उज्जैनची मध्यम मध्यरात्र भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागाहून होते. सूर्यसिद्धांताचे वर्षही येथे ३६५ पूर्णांक २७९४५७ छेद १०८०००० दिवस असेच लिहिलेले आहे. ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात १,५७,७९,१७,८२८ सावन, म्हणजे नागरी, दिवस असतात, हा सिद्धांतातला मूळ आकडा. त्याला वर्षसंख्येने भागून अपूर्णांक चारने संक्षिप्त केला की नेमके हेच उत्तर येते. चांद्रमासही असाच २९ पूर्णांक ७०८७७७१ छेद १३३५८३३४ दिवसांचा आहे. कॉमन लिस्प या लिस्पच्या प्रमाणित रूपात असे अपूर्णांक कोठेही न तोडता, न गोळाबेरीज करता, अखेरपर्यंत जसेच्या तसे वाहून नेता येतात, त्यामुळे सिद्धांतकाराच्या आकड्यांत आणि यंत्रातल्या आकड्यांत तिळमात्र अंतर पडत नाही. प्राचीन भारतीय गणिताला इतकी साजेशी दुसरी भाषा सापडणे कठीण. मॅकार्थींच्या मूळ लिस्पमध्ये ही सोय नव्हती, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. घरी जी चालते ती तिची वारसदार आहे.

फोरट्रानची कथा उलट आहे, आणि पंचांगाच्या अभ्यासकाला अधिक शिकवणारी आहे. जॉन बॅकस यांच्या चमूने १९५७ साली त्याच आयबीएम ७०४साठी सिद्ध केलेली ही भाषा अपूर्ण संख्या फ्लोटिंग पॉइंट पद्धतीने, म्हणजे ठरावीक संख्येचे सार्थ अंक आणि दशांशचिन्हाची जागा सांगणारा घातांक, अशा रूपात साठवते. अंकांची संख्या ठरलेली असल्यामुळे पूर्णांकाचा भाग मोठा झाला की अपूर्णांकाला जागा उरत नाही. पंचांगगणिताचा आरंभ अहर्गणाने होतो. अहर्गण म्हणजे ठरवलेल्या आरंभापासून इष्ट दिवसापर्यंत गेलेल्या दिवसांची संख्या. कलियुगाचा आरंभ सूर्यसिद्धांताप्रमाणे इसवी सनापूर्वी ३१०२ या वर्षी, ज्युलियन गणनेच्या १७ व १८ फेब्रुवारीमधील मध्यरात्री धरला जातो. तेथपासून मोजल्यास राष्ट्रीय सौर दिनदर्शिका ज्या दिवशी सुरू झाली, त्या २२ मार्च १९५७चा अहर्गण १८,४७,४५४ येतो. ही संख्या द्विमान पद्धतीत लिहिण्यास २१ बिट लागतात. ७०४च्या फोरट्रानमध्ये सार्थ अंकांसाठी २७ बिट होते. अपूर्णांकासाठी उरले ६. म्हणजे दिवसाचा चौसष्टावा भाग, साडेबावीस मिनिटे, हा त्या यंत्रातला सर्वांत बारीक काळ. एका घटिकेहून थोडासाच लहान. पुढच्या सिस्टिम ३६० मालिकेत स्थिती याहून बिकट होती. तेथे एकेरी अचूकतेच्या संख्येत षोडशमान पद्धतीचे फक्त ६ अंक मावत, आणि १८,४७,४५४ या संख्येलाच ते सहाही अंक लागतात. अपूर्णांकाला काहीच उरत नाही. या अहर्गणात अर्धा दिवस मिळवला तरी यंत्र तो निमूटपणे टाकून देते. तिथी सकाळी संपली की रात्री, हे अशा गणिताने कसे कळणार?

या अडचणीवर फोरट्रानकारांचा उपाय दुहेरी अचूकतेचा होता: एका संख्येसाठी दुप्पट जागा आणि त्या बदल्यात अधिक स्मृती. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा उपाय निराळा होता. सिद्धांतग्रंथ युगारंभापासून गणित करतात, तर करणग्रंथ आपल्या काळाजवळचा एखादा दिवस आरंभ मानून तेच गणित सोपे करतात. शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०, हा आरंभ घेऊन रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथात गणेशाने याच्याही पुढे जाऊन ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, एक चक्र योजले. गेलेली पूर्ण चक्रे वेगळी मोजायची, प्रत्येक ग्रहाच्या ध्रुवकाने, म्हणजे एका चक्रात साचणाऱ्या फरकाने, त्यांना गुणून तो हिशेब स्वतंत्र ठेवायचा, आणि रोजच्या गणितात फक्त चालू चक्रातील दिवस घ्यायचे. असा अहर्गण कधीच चार आकड्यांच्या पलीकडे जात नाही. आता हीच चार आकडी संख्या सिस्टिम ३६०च्या एकेरी अचूकतेत घातली, तर ४०१६ला षोडशमान पद्धतीचे ३ अंक पुरतात, ३ अंक अपूर्णांकासाठी मोकळे राहतात, आणि दिवसाचा ४०९६वा भाग, म्हणजे सुमारे २१ सेकंद, इतका बारीक काळ यंत्राला धरता येतो. एक पळ २४ सेकंदांचे असते. तेव्हा जे यंत्र कलियुगारंभापासूनच्या अहर्गणात अर्ध्या दिवसालाही आंधळे होते, तेच गणेशाच्या पद्धतीने पळापर्यंत पाहू लागते. गणेशापुढे अर्थातच यंत्र नव्हते. कल्यहर्गण, म्हणजे कलियुगारंभापासूनचा अहर्गण, घेऊन गेलेले चांद्रमास काढू जाणाऱ्या गणकाला १८,४७,४५४सारख्या संख्येला महायुगातील चांद्रमासांच्या संख्येने, ५,३४,३३,३३६ने, गुणावे लागे आणि १४ आकडी गुणाकार पाटीवर मांडावा लागे, ते कष्ट त्याने वाचवले. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच, मर्यादित अंकांत दीर्घ काळ कसा मावावा हा. आजच्या लॅपटॉपमध्ये दुहेरी अचूकतेचे ५३ बिट सहज मिळत असल्याने हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर बसून ‘ग्रहलाघव’ वाचणाऱ्याला ते चक्र निरर्थक आडवळण वाटण्याचा संभव असतो.

हे प्रयोग घरी करण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांत तत्त्वाचा फरक आहे. पहिला मार्ग जुन्या भाषेसाठी नव्या यंत्रावर लिहिलेल्या कम्पायलरचा, म्हणजे मानवी वाचनाची भाषा यंत्राच्या आज्ञांत बदलणाऱ्या प्रणालीचा, किंवा ती भाषा थेट चालवणाऱ्या इंटरप्रिटरचा: लिस्पसाठी एसबीसीएल, फोरट्रानसाठी जीफोरट्रान, कोबोलसाठी ग्नू कोबोल, अल्गोल ६८साठी मार्सेल व्हान डर वेअर यांची जीनी, एपीएलसाठी ग्नू एपीएल. दुसरा मार्ग इम्युलेटरचा. इम्युलेटर जुन्या यंत्राचे वर्तन आज्ञेबरहुकूम नव्या यंत्रावर घडवतो, मग त्यावर त्या काळचा मूळ कम्पायलरच चालवला जातो. रॉजर बाउलर यांनी १९९९मध्ये सुरू केलेला हर्क्युलीस सिस्टिम ३६०ची वारस असलेल्या सिस्टिम ३७०ची आणि तिच्या वारसदारांची नक्कल करतो, आणि आयबीएमची एमव्हीएस ३.८ ही जुनी कार्यप्रणाली खुली असल्याने तिच्यावर चालणाऱ्या फोरट्रान, कोबोल व पीएल/वन कम्पायलरांसह ती कोणालाही साध्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर उभी करता येते. बॉब सुपनिक यांच्या सिमएच या संचात आयबीएम १६२० आणि ७०९४ही आहेत. ७०९४ची अपूर्ण संख्या साठवण्याची रीत ७०४सारखीच असल्याने वर सांगितलेले चौसष्टाव्या भागाचे गणित तेथे प्रत्यक्ष पाहता येते.

पंचांगाच्या अभ्यासकाने, कष्ट अधिक पडले तरी, दुसराच मार्ग धरावा. जीफोरट्रान जुना मजकूर स्वीकारतो, विधान सातव्या ते बहात्तराव्या स्तंभात लिहिण्याचा कार्डांच्या काळचा नियमही पाळतो, पण आकडे मात्र आजच्या पद्धतीने साठवतो. त्याच्या एकेरी अचूकतेत २४ द्विमान बिट असल्याने अहर्गणानंतर ३ बिट उरतात आणि तीन तासांपर्यंतचा काळ दिसतो. म्हणजे तोच मजकूर, तीच भाषा आणि उत्तर वेगळे. सिस्टिम ३६०ची मूळ चूक पाहायची, तर हर्क्युलीससारख्या इम्युलेटरशिवाय गत्यंतर नाही. कोबोल या कामाला फारसा उपयोगी नाही, कारण त्याचे दशमान गणित पैशांच्या हिशेबासाठी घडवलेले आहे. एपीएलमध्ये सबंध कोष्टकावर एकदम क्रिया करता येत असल्याने सिद्धांतातील २४ ज्यांचे, म्हणजे साइन मूल्यांचे, कोष्टक हाताळणे मात्र विलक्षण सुटसुटीत होते.

लिस्पमधील उज्जैनचा अक्षांश २३ अंश ९ कला आणि पंचांग सुधारणा समितीचा २३ अंश ११ कला, हा दोन कलांचा फरक कोणाला खटकला, तर सूर्योदयावर त्याचा परिणाम किती होतो हे काढून पाहता येते: अयनदिनांच्या सुमारास, जेव्हा तो सर्वाधिक असतो तेव्हाही, अवघे ४ सेकंद. याहून महत्त्वाचे काम अजून पुढे आहे. ‘ग्रहलाघव’, व्यंकटेश बापूजी केतकरांचे ‘ज्योतिर्गणित’ आणि आपट्यांचे ‘सर्वानंदकरण’ यांतील मध्यमाधिकार, म्हणजे ग्रहांची सरासरी स्थाने काढण्याचा पहिला भाग, केवळ बेरीज, गुणाकार, भागाकार आणि बाकी यांवर उभा आहे, आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो एकदा लिस्पमध्ये अचूक अपूर्णांकांनी आणि एकदा हर्क्युलीसवरील फोरट्रानमध्ये तुटपुंज्या अंकांनी लिहून दोन्ही उत्तरे शेजारी मांडता येतील. पडताळ्याची सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. कलियुगाचा पहिला दिवस शुक्रवार असल्याने कल्यहर्गणाला सातने भागून बाकी शून्य उरली तर तो दिवस शुक्रवार असला पाहिजे; १८,४७,४५४ला सातने पूर्ण भाग जातो, आणि २२ मार्च १९५७ रोजी शुक्रवारच होता. तिथ्यांवरून काढलेल्या अहर्गणाचा वार एकाने चुकला, तर त्यात एक मिळवावा किंवा एक वजा करावा असे जुने गणक सांगतात, आणि प्रोग्रॅमच्या मजकुरात हा संस्कार वेगळ्या ओळीत लिहिणे इष्ट, म्हणजे तो कोठे आणि किती वेळा लागला हे वाचणाऱ्याला तपासता येईल.