जरा दम खा

सोलापूरच्या माणसाने उकाडा विकत घ्यायचा, हे ऐकून आमच्या गल्लीत चांगलाच हशा पिकला होता. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांपर्यंत चढतो, पंख्याचा वारासुद्धा भाजतो. अशा गावचा मी, 2019 च्या जानेवारीत मुलीकडे न्यू जर्सीला गेलो आणि डॉलर मोजून एका तापवलेल्या खोलीत घाम गाळायला उभा राहिलो. बाहेर बर्फ, आत चाळीस अंश. याला तिकडे 'हॉट योगा' म्हणतात. आता मुंबई-पुण्यातही असे वर्ग चालतात, तरुण मंडळी हौसेने जातात. म्हणून आज त्याविषयी, आणि मुख्यतः त्यातल्या श्वासाविषयी, चार गोष्टी सांगतो.

हा प्रकार दिसायला अमेरिकन असला तरी त्याचे मूळ कलकत्त्यात आहे. परमहंस योगानंद यांचे धाकटे बंधू विष्णुचरण घोष यांची तिथे व्यायाम आणि योगाची शाळा होती. तिथे शिकलेले विक्रम चौधरी 1970 च्या दशकात अमेरिकेत गेले आणि त्यांनी 26 आसने व दोन श्वसनक्रिया यांचा 90 मिनिटांचा क्रम बांधला. खोलीचे तापमान सुमारे 40 अंश सेल्सिअस, हवेत आर्द्रता 40 टक्के. या क्रमावर त्यांनी मालकी हक्क सांगितला होता. तो दावा 2015 साली तिथल्या अपील न्यायालयाने फेटाळला. पुढे 2016 मध्ये लैंगिक छळाच्या दाव्यात निकाल त्यांच्या विरोधात गेला आणि अनेक केंद्रांनी पाटीवरून त्यांचे नाव उतरवले. पाटी बदलली, खोलीतली उष्णता मात्र तशीच राहिली.

मुलगी मला सोबत घेऊन गेली. तीन भिंतींना आरसे, जमिनीवर चटया आणि चटईवर टॉवेल. शिक्षिका तिशीतली अमेरिकन बाई. मी योगाच्या देशातून आलेला माणूस, त्यातून कवी. चाळीस वर्षे कविसंमेलनांत कविता म्हणतोय, तरन्नुममध्येही म्हणतो. दमसास म्हणजे काय हे या लोकांनी मला शिकवावे? अशा तोऱ्यात मी पुढच्या रांगेत उभा राहिलो.

पहिलीच क्रिया श्वासाची. पाय जुळवून उभे राहायचे, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून हनुवटीखाली धरायची. सहा अंक मोजत नाकाने श्वास घ्यायचा, तेव्हा कोपरे पंखांसारखी वर जातात. मग सहा अंक मोजत तोंडाने श्वास सोडायचा, तेव्हा मान मागे झुकते आणि कोपरे पुढे येऊन भिडतात. असे दहा वेळा, आणि पुन्हा दहा वेळा. मी सहाऐवजी आठ मोजले. शेजारचा दांडगा गृहस्थ ऐकेल असा आवाज काढून श्वास ओढले. दुसऱ्या फेरीत ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटे बधिर झाली. तिसऱ्या-चौथ्या आसनाला वाकलो आणि वर आलो, तर आरशातला मी दूर दूर चाललेला. मागून मुलीचा आवाज आला, "अब्बा, बैठ जाओ!" मी बसलो नाही. लोक काय म्हणतील? मग मी बसलो नाही, कोसळलो. सुदैवाने टॉवेलवर.

दोन मिनिटांत शुद्धीवर आलो. पण त्या दोन मिनिटांत मुलीचा चेहरा जसा झाला होता, तो विसरत नाही. रात्री सोलापूरच्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रक्तदाबाची गोळी घेता हे तिथे सांगितलं होतं का?" नव्हते सांगितले. माझी गोळी लघवी वाढवून शरीरातले पाणी कमी करणारी, आणि मी घामाने आणखी पाणी घालवायला निघालो होतो.

हे का होते, ते मग मी समजून घेतले. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असली की शरीराला थंड राहण्याचा एकच मोठा मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. वाळणे, गळणे नव्हे. सोलापूरच्या कोरड्या उन्हात घाम दिसतही नाही, तो वाळून अंग निववतो. मुंबईत 34 अंशांतही सदरा अंगाला चिकटतो, कारण ओल्या हवेत घाम वाळत नाही. तापवलेल्या खोलीत वीस-पंचवीस माणसांचा घाम आणि श्वास हवेत मिसळला की सोलापूरचे ऊन आणि मुंबईची ओल एकाच जागी येतात. टपटप गळणाऱ्या घामाने अंग फारसे थंड होत नाही. त्या घामातून विषारी द्रव्ये बाहेर पडतात असे वर्गात सांगतात. ते काम मुख्यतः यकृताचे आणि मूत्रपिंडाचे आहे. 2015 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी असा वर्ग करणाऱ्यांचे शरीराच्या आतले तापमान मोजले, तेव्हा काहींचे 103 फॅरनहाइटपर्यंत गेलेले आढळले. लेकराला एवढा ताप चढला तर आपण रिक्षा शोधायला धावतो.

अंग थंड करण्यासाठी रक्त कातडीकडे धावते, त्यामुळे वाकून एकदम उठले की मेंदूकडे ते कमी पोचते. त्यात जोरजोराने श्वास घेतला तर दुसरी गडबड होते. आपल्याला वाटते, जास्त श्वास म्हणजे जास्त प्राणवायू. करोनाच्या काळात बोटाला लावायचे ते यंत्र घरोघरी आले, त्यावर निरोगी माणसाचा आकडा काय यायचा आठवते? 97, 98. म्हणजे भांडे आधीच भरलेले आहे. वरून कितीही ओता, त्यात मावणार किती? उलट जोरात श्वास सोडताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर, ओठांच्या मुंग्या, बधिर बोटे ही सगळी त्याचीच लक्षणे. लोणावळ्यात 1924 साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी प्राणायाम प्रयोगशाळेत नेला, आणि प्राणायामाचे मोल जास्त प्राणवायू मिळण्यात नाही हे तेव्हाच सांगून ठेवले. आपल्या घाटावर झालेले काम न्यू जर्सीत आपटून मला कळले.

मग उष्ण खोलीत श्वास घ्यायचा कसा? वर्ग सुरू होण्याआधी पाच-सात मिनिटे चटईवर नुसते पडून राहावे. खोलीची ऊब अंगवळणी पडू द्यावी, पोटावर हात ठेवून श्वास पोटापर्यंत जातो का ते पाहावे. पहिल्या क्रियेत सहा अंक जमत नसतील तर चार मोजावेत, पण घेणे आणि सोडणे सारखे ठेवावे. मान जेवढी सहज जाईल तेवढीच मागे न्यावी. पुढे आसनांत छाती उघडताना श्वास घ्यावा आणि पुढे वाकताना सोडावा. सोडणे घेण्यापेक्षा किंचित लांब असले तर छातीची धडधड निवते. श्वास नाकानेच चालू ठेवावा. अवघड आसनात नकळत श्वास कोंडून दात आवळले जातात. ते टाळावे, कारण जोर लावून श्वास कोंडला की रक्तदाब उसळतो. मध्ये शवासनाची दोन मिनिटे मिळतात. पुष्कळ जण तेवढ्यात बाटली आणि टॉवेल यांच्याशी खेळत बसतात. मला विचाराल तर अख्ख्या वर्गातली तीच मोलाची मिनिटे. त्यात काहीच करू नये, श्वास आपोआप खाली येऊ द्यावा.

शेवटची क्रिया कपालभातीची. वज्रासनात बसून पोटाच्या हिसक्याने श्वास बाहेर टाकायचा, साठ वेळा, मग पुन्हा साठ वेळा आणखी वेगाने. आपल्याकडच्या कपालभातीत श्वास नाकाने टाकतात, तिकडे ओठांतून फुंकतात. नव्वद मिनिटांचा घाम गेल्यावर वेगाने फुंकत बसण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. मी निम्म्या वेगाने, नाकाने, तीस वेळा करतो. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी ती करूच नये. खरे तर त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या खोलीतच जाऊ नये.

हठप्रदीपिका या जुन्या ग्रंथात घामाचा उल्लेख आहे. साधनेच्या श्रमाने आलेला घाम अंगावरच चोळावा, असे तिथे सांगितले आहे. पण तो घाम आतून आलेला, हीटरने काढलेला नव्हे. आणि त्याच ग्रंथात बजावले आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसाच श्वास वश करावा. घाई केली तर तो साधकालाच मारतो. त्यात शीतलीही आहे. जिभेची पन्हाळी करून तिच्यातून हवा आत ओढायची आणि नाकाने सोडायची. ज्यांना जीभ वळवता येत नाही त्यांनी दातांच्या फटीतून ओढावी, ती सीत्कारी. वर्ग संपल्यावर बाहेरच्या साध्या हवेत बसून मी शीतली करतो. ओल्या जिभेवरून हवा गेली की तोंड गार लागते, बरे वाटते.

पाणी आदल्या दिवसापासून पीत राहावे. निर्जळी उपवास असेल, रोजा असेल, तर त्या दिवशी ही खोली वर्ज्य समजावी. 2018 आणि 2019 चे रोजे ऐन मे महिन्यात आले होते. आमच्याकडे दुपारी सावलीत पडून राहणारी माणसे मला त्या वर्गातल्यांपेक्षा जास्त जाणती वाटतात. आणि उष्णता हवीच असेही नाही. 2018 साली टेक्सासच्या एका विद्यापीठात हीच आसने एका गटाकडून गरम खोलीत आणि दुसऱ्याकडून साध्या खोलीत करून घेतली. रक्तवाहिन्यांना झालेला फायदा दोन्ही गटांत सारखाच निघाला.

कवी असल्यामुळे शब्दांकडे लक्ष जातेच. फारसीत दम म्हणजे श्वास. तो मराठीत आला आणि आपण त्याचे काय काय केले पाहा. दम लागतो, दम धरतो, दम निघत नाही, कुणाला दम देतो, आणि थकलेल्या माणसाला म्हणतो, "जरा दम खा." म्हणजे थांब, बस. नाकाने शांत श्वास चालेनासा झाला, तोंड उघडावेसे वाटले, की त्या खोलीत हेच करायचे असते. खाली बसायचे. वर्ग चालू असताना खोलीबाहेर जाऊ नका असा काही ठिकाणी आग्रह असतो. मळमळ, डोकेदुखी किंवा अंधारी आली तर तो मानू नये, थंड हवेत जावे.

आठवड्याने मी पुन्हा गेलो. मुलगी नको म्हणत होती. या वेळी शिक्षिकेला आधी गोळीचे सांगितले. तिने माझी चटई उचलून शेवटच्या रांगेत, दाराशी नेऊन ठेवली. दाराखालच्या फटीतून बर्फाचा गार वारा येत होता. परत यायच्या दिवसापर्यंत मी ती जागा सोडली नाही.