बांधावरची चादर

सुदुंबरे म्हटले की संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आठवते, आणि आठवावीच. पण आश्विन-कार्तिकात तिथे जाणाऱ्याने सकाळी लवकर शेताच्या बांधांकडेही पाहावे. गवतावर कुणी रुमाल वाळत घातलेत की काय, असे वाटेल. ती कोळ्याची जाळी. दवामुळे दिसतात, ऊन चढले की तिथेच असूनही नाहीशी होतात.

हा कोळी हिप्पासा. कूळ लांडगा-कोळ्यांचे, आणि गंमत इथेच आहे. या कुळातले बहुतेक कोळी जाळे विणण्याच्या भानगडीत न पडता जमिनीवर धावून शिकार करतात. हिप्पासा मात्र गवतावर आडवी चादर विणतो, तिला नरसाळ्यासारखे बीळ ठेवतो आणि त्याच्या तोंडाशी बसून राहतो. चादर चिकट नसते. वर एखादा किडा पडला की त्याचे पाय धाग्यांत अडखळतात, कंप नरसाळ्यापर्यंत पोचतो आणि मालक धावत येतो. मी गवताच्या काडीने चादर हळूच हलवून पाहतो. कधी फसतो बिचारा, कधी ढिम्म हलत नाही.

मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून वागवते आणि पुढे पिल्ले तिच्या पाठीवर बसून हिंडतात. रात्री बॅटरी कपाळाशी धरून गवतावर झोत टाका, त्यांचे डोळे ठिणग्यांसारखे चमकतील. मुलांना जरूर दाखवा. (पायांत बूट हवेत, सापही तिथेच असतात.)

टिकादर आणि मल्होत्रा यांनी १९८० साली भारतातल्या लांडगा-कोळ्यांवर ग्रंथ लिहिला आणि हिप्पासाच्या एका जातीला महाबळेश्वरचे नाव दिले. गावात मात्र तो नुसता कोळी.

कोळी खातात ते तुडतुडे भाताचा रस शोषतात. फवारणीत दोघेही मरतात, पण तुडतुडे झपाट्याने परत वाढतात, कोळ्यांना वेळ लागतो. इंडोनेशियाने हा धडा महागात शिकून १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. आपल्या मावळात इंद्रायणीच्या खाचरात कोळी परत यायचे ते बांधावरून. आणि बांधच कुठे तणनाशकाने पिवळे पडलेत, कुठे प्लॉटच्या कुंपणाखाली गेलेत. गेल्या कार्तिकात एका बांधावरच्या चादरी मोजता मोजता मी थकलो. पलीकडच्या, औषध मारलेल्या बांधावर एकही नव्हती.