आटे, टोपण आणि अडकलेली ओल

सायलेन्सर म्हटलं की आपल्याला सिनेमातला मारेकरी आठवतो. नॉर्वे, फिनलंड किंवा स्कॉटलंडमध्ये मात्र हरणांच्या शिकारीला निघालेला माणूस स्वतःचे कान वाचवण्यासाठी तो सर्रास लावतो. या नळकांड्याचं पेटंट अमेरिकेत १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम यांनी घेतलं. हे मशीनगनवाल्या मॅक्सिम यांचे चिरंजीव. वडिलांनी रणांगणावरचा गोंगाट वाढवला आणि मुलगा तो कमी करायला बसला!

सायलेन्सर बसवायचा तर नळीच्या टोकाला बाहेरून आटे पाडावे लागतात. ०.२२३ जातीच्या रायफलीत बहुधा अर्धा इंच व्यास आणि इंचाला २८ आटे असं माप असतं. म्हणजे प्रत्येक आटा जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल. सायलेन्सर उतरवला की हे नाजूक आटे उघडे पडतात. रायफल खडकावर टेकली किंवा गाडीच्या दारावर आपटली, की एखादा आटा चेपलाच म्हणून समजा. त्यासाठी वर एक छोटं टोपण फिरवून बसवतात. बोटांची पकड यावी म्हणून ते बाहेरून खरबरीत केलेलं असतं. टोपण म्हटलं तरी पुढून ते उघडंच असतं, कारण गोळी त्यातूनच जायची असते.

एक आटा चेपला तर एवढं काय बिघडलं? हिशेब करून पाहा. चेपलेल्या आट्यामुळे किंवा आट्यांमागे सायलेन्सर जिथे टेकतो त्या खांद्यावर अडकलेल्या कचऱ्यामुळे २० सेंटिमीटर लांबीचा सायलेन्सर अर्धा अंश जरी कलला, तरी त्याचं पुढचं टोक पावणेदोन मिलिमीटर बाजूला सरकतं. आतल्या पडद्यांची भोकं गोळीपेक्षा एखाद-दोन मिलिमीटरनेच मोठी असतात. गोळी पडद्याला घासली की नेम तर जातोच, कधी सायलेन्सरही फुटतो.

नळीच्या तोंडाची आतली कडा तर आट्यांहून हळवी. गोळी बाहेर पडते त्या क्षणी मागचा वायू तिच्या बुडाभोवती सर्व बाजूंनी सारखा सुटायला हवा. कडेला एका बाजूला खाच पडलेली असेल, तर तिथून तो आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला किंचित धक्का देतो. काही टोपणं नळीच्या तोंडापेक्षा जराशी पुढे येतात, ती या कडेलाही आडोसा देतात.

इथवर टोपणाचं कौतुक झालं. पण हेच टोपण गंजही चढवू शकतं, आणि हे फार जण लक्षात घेत नाहीत. काडतुसातली दारू जळताना पाण्याची वाफ तयार होते. थंड हवेत ती सायलेन्सरच्या आत दवासारखी जमते आणि आट्यांपर्यंत उतरते. शिकाऱ्याने घाईत सायलेन्सर काढून ओल्या आट्यांवर टोपण घट्ट बसवलं, की ते पाणी फटीत कोंडतं. फटीत ऑक्सिजन लवकर संपतो, बाहेर मात्र मुबलक असतो. या फरकातून एक चिमुकला विद्युतघट उभा राहतो आणि ऑक्सिजन नसलेल्या बाजूचं लोखंड झिजू लागतं. नळी स्टेनलेस आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. स्टेनलेसचं संरक्षण करणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडच्या थराला टिकून राहायला ऑक्सिजनच लागतो. म्हणून आधी आटे कोरडे पुसायचे, तेलाचा पुसटसा हात फिरवायचा आणि मगच टोपण लावायचं.

दुसरी कटकट म्हणजे बार उडाला की बसणाऱ्या हादऱ्यांनी टोपण सैल होतं. काही टोपणांत त्यासाठी रबरी कडी असते. मूळ कलाश्निकोव्ह रायफलीत यावर खास सोय आहे. नळीच्या टोकाजवळ स्प्रिंगवर बसवलेली एक खिळी टोपणाच्या खाचेत अडकते आणि ते फिरूच देत नाही. ते काढायचं तर आधी खिळी दाबायची आणि मग टोपण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचं, कारण तिथले आटे डावे आहेत. सवयीने उलट्या दिशेला जोर लावणारा ते आणखीच आवळून बसतो.