पोक आणि कुबड : एका भेदाचे प्रयोजन

मराठीत ‘पोक’ आणि ‘कुबड’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजले जातात. तथापि ‘पोक काढून बसू नकोस’ ह्या नित्याच्या वाक्यात पोक काढणारा हा कर्ता आहे. ‘त्याला कुबड आहे’ ह्या वाक्यात तो केवळ भोक्ता आहे. कुमारवयातील वाकलेल्या पाठीचा विचार करताना वैद्यकालाही नेमका हाच भेद करावा लागतो.

छातीच्या भागातील १२ मणक्यांचा कणा मुळातच मागे बाकदार असतो. सुमारे २० ते ४५ अंशांचा बाक प्राकृत समजतात. तो वाढलेला दिसल्यास प्रथम मुलाला पालथे निजवून छाती उचलावयास सांगावे. पाठ सरळ झाली, तर ते पोक होय; मणके निर्दोष असून उणीव सवयीची व स्नायूंची असते. पाठ ताठरच राहिली आणि पुढे वाकल्यावर बाक टोकदार दिसला, तर मणक्यांच्या आकाराविषयीच शंका घ्यावी लागते व क्ष-किरण चित्र काढावे लागते. डॅनिश वैद्य होल्गर शॉयरमान ह्यांनी १९२० साली वर्णिलेल्या विकारात मणक्यांची पुढील बाजू कमी वाढते व ते पाचरीसारखे होतात. सोरेन्सेन ह्यांच्या १९६४ च्या निकषानुसार लागोपाठचे किमान ३ मणके, प्रत्येकी ५ अंश वा अधिक, असे पाचरलेले असावे लागतात.

पोकावर व्यायाम हाच मुख्य उपाय होय. पालथे पडून छाती व हात उचलणे, भिंतीला पाठ टेकून हात वर सरकविणे, दाराच्या चौकटीला हात टेकून छाती ताणणे, मांडीमागील स्नायू सैल करणे, ह्या क्रिया थोड्या वेळाच्या परंतु नित्य असाव्यात. नुसत्या ‘ताठ बस’ ह्या आज्ञेने हे साधत नाही. कारण दुर्बल स्नायू लवकर थकतात आणि पाठ पूर्वस्थितीला येते.

पाचरलेल्या मणक्यांच्या बाबतीत व्यायामाने वेदना कमी होते व पाठीचे बळ टिकते. मणक्यांचा आकार मात्र पालटत नाही. बाक अधिक असल्यास पाठीला पट्टा बांधतात. परंतु तो वाढ शिल्लक असेपर्यंतच उपयोगी पडतो.

म्हणूनच कुबडाला पोक म्हणण्याची चूक महाग पडते. जे मूल करीतच नाही, त्याबद्दल ते बोलणी खाते, आणि उपचाराचा काळ तेवढ्यात निघून जातो.