ससून गोदी

मुंबई शहराच्या दक्षिणेस, कुलाबा भागातील जुनी गोदी व मासळीचे मोठे ठोक विक्रीकेंद्र. कापूसव्यापारासाठी बांधलेली ही गोदी कालांतराने मच्छीमारी बंदर बनली. अलीकडे तिच्या वखारी कलाप्रदर्शनांसाठीही वापरण्यात आल्या आहेत.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईच्या कापसास इंग्लंडमध्ये मोठी मागणी आली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर आगबोटींची वाहतूक वाढली. परंतु जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगरून माल लहान होड्यांतून न्यावा-आणावा लागे. बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी घराण्यातील आल्बर्ट ससून (१८१८–९६) यांनी या गरजेपोटी ही गोदी बांधविली. ती १८७५ मध्ये पूर्ण झाली. ओहोटीच्या वेळीही पाण्याची पातळी टिकविणारी ही मुंबईतील पहिली गोदी होय. १८७९ मध्ये ती बंदर विश्वस्त मंडळाच्या ताब्यात आली. प्रिन्सेस (१८८०), व्हिक्टोरिया (१८८८) इ. मोठ्या गोद्या झाल्यावर मालवाहतूक तिकडे वळली व येथे मच्छीमारीस वाव मिळाला.

पहाटेपूर्वीच येथे मासळी उतरविण्यास प्रारंभ होतो. लिलाव, बर्फ भरणे, निवडणे व कोलंबी सोलणे ही कामे एकाच आवारात चालतात. विक्रीत कोळी स्त्रियांचा वाटा मोठा असून सोलण्याचे कामही प्रामुख्याने स्त्रियाच करतात.

नोव्हेंबर–डिसेंबर २०१७ मध्ये स्टार्ट इंडिया या संस्थेने येथील वखारींत कलाप्रकल्प भरविला. भिंतींवरील चित्रे व मांडणशिल्पे यांखेरीज, फ्रेंच कलावंत जेआर यांच्या ‘इनसाइड आउट’ उपक्रमांतर्गत गोदीतील माणसांची भव्य व्यक्तिचित्रे दर्शनी भिंतींवर लावण्यात आली. डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मधील मुंबई नागरी कला महोत्सवातही गोदीचा समावेश होता. मासळीच्या वासामुळे इकडे न फिरकणारे अनेक नागरिक या निमित्ताने प्रथमच गोदीत आले.

लिव्हरपूलची आल्बर्ट गोदी १९७२ मध्ये बंद पडली व १९८८ मध्ये तेथे टेट कलादालन उघडले. मुंबईच्या गिरणगावातही आधी गिरण्या थंडावल्या व मग त्यांच्या आवारांत कार्यालये, उपाहारगृहे व दुकाने आली. ससून गोदीत मात्र मूळ व्यवसाय चालू असतानाच कलेचा प्रवेश झाला, हे तिचे वैशिष्ट्य. तथापि अशा उपक्रमांमुळे परिसराचे आकर्षण वाढले, की जागेचे मोलही वाढते आणि कमी उत्पन्नाच्या व्यवसायांना तेथे टिकून राहणे कठीण होते, असा अन्य शहरांचा अनुभव आहे. ज्यांची चित्रे भिंतींवर झळकली, त्यांचा धक्क्यावरील हक्क टिकतो की नाही, यावरच येथील परिवर्तनाचे मूल्यमापन करावे लागेल.